घरातल्या फिडल लीफला पाणी केव्हा आणि किती द्यावे? : वाचकांचे प्रश्न

मोठ्या, तकतकीत पानांचे फिडल लीफ हे झाड आता लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या अनेक दिवाणखान्यांत दिसते, आणि त्याची पाने गळू लागली की घरातले सगळेच हळहळतात. या वेळच्या अंकात त्या झाडाच्या पाण्याविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांचा आधार त्यातच आहे.

प्रश्न : वास्तुशांतीच्या वेळी आम्हाला साधारण चार फूट उंचीचे फिडल लीफ भेट मिळाले. ते चिनी मातीच्या पांढऱ्या कुंडीत असून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवले आहे. रोज सकाळी न चुकता एक पेला पाणी घालते. वरची माती कोरडीच दिसते, तरीही खालच्या पानांवर मध्यभागी काळपट तपकिरी डाग पडून ती गळत आहेत. पाणी कमी पडते आहे का? (एक वाचिका, लातूर)

उत्तर : आपल्या वर्णनावरून पाणी कमी पडत नसून जास्त होत आहे, असेच दिसते. डाग काळपट आहेत, ते पानाच्या आतल्या भागात आहेत आणि त्यांची सुरुवात खालच्या जुन्या पानांपासून झाली आहे. ही तिन्ही लक्षणे मुळे गुदमरत असल्याची आहेत. पाणी कमी पडले असते तर पानांच्या कडा फिकट तपकिरी आणि कुरकुरीत झाल्या असत्या, पाने आतल्या बाजूला वळली असती आणि माती आकसून कुंडीच्या काठापासून सुटली असती.

रोजचा एक पेला हे प्रमाण फार वाटत नाही, म्हणूनच ही सवय धोक्याची आहे. थोडे थोडे पाणी रोज घातले की वरचा थर पंख्याच्या वाऱ्याने सुकतो आणि खालचा थर मात्र कधीच सुकत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, तर मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती मऊ पडून काळी होतात, आणि अशा मुळांवर कुजव्या बुरशी लगेच शिरकाव करतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे माती ओली असूनही झाड तहानलेले दिसते, ते पाहून घरातले आणखी पाणी घालतात आणि झाड हातचे जाते. घरातली फिडल लीफ पाण्याअभावी जितकी मरतात त्यापेक्षा कितीतरी अधिक अशा मायेपोटी मरतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेतल्या पावसाळी जंगलांतले, सिएरा लिओनपासून कॅमेरूनपर्यंतच्या पट्ट्यातले. आपले वड, पिंपळ आणि उंबर ज्या फायकस प्रजातीतले, त्याच प्रजातीतले हेही आहे. जंगलात त्याचे बी पुष्कळदा दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजते आणि तिथून मुळे खाली जमिनीकडे येतात, जसे आपल्याकडे पिंपळाचे रोप जुन्या वाड्याच्या भिंतीत उगवते. त्या मुळांवर पावसाची जोरदार सर येते, पाणी वाहून जाते आणि मग पुढच्या सरीपर्यंत भोवती हवा खेळती राहते. घरात आपल्याला हीच लय सांभाळायची आहे : एकदा भरपूर पाणी, नंतर पूर्ण निचरा, आणि त्यानंतर माती बऱ्यापैकी सुकेपर्यंत थांबणे.

शेतकरी पावसानंतर वाफसा येण्याची वाट पाहतो, त्याआधी पेरणी किंवा कोळपणी करत नाही. कारण त्या अवस्थेत मातीत ओलावाही असतो आणि हवाही. कुंडीतले झाड जास्तीत जास्त काळ वाफशात राहिले पाहिजे आणि वाफसा सरू लागला की पाणी दिले पाहिजे. त्यासाठी वार ठरवून उपयोग नाही, माती तपासावी लागते. बोट मातीत दोन इंच खोल घालून पाहावे. तिथे गारवा किंवा चिकटपणा जाणवला तर पाणी देऊ नये. आपल्यासारख्या मोठ्या कुंडीत मात्र बोट पुरत नाही. अगरबत्तीची काडी किंवा बांबूची पातळ काडी कुंडीच्या तळापर्यंत हळूच खोचून दहा मिनिटे ठेवावी आणि बाहेर काढून पाहावी : तिचा खालचा अर्धा भाग ओलसर आणि मातीने माखलेला असेल तर अजून थांबावे. कुंडी उचलता येण्याजोगी असेल तर तिचे वजन हा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे. पाणी दिल्यानंतरची आणि सुकल्यानंतरची कुंडी काही वेळा उचलून पाहिली की हाताला तो फरक आपोआप कळू लागतो.

माती सुकली असे ठरले की मग पाणी देताना हात आखडता घेऊ नये. कुंडीच्या सर्व बाजूंनी, झारीने सावकाश पाणी घालत जावे आणि तळाच्या छिद्रांतून ते वाहू लागल्यावरच थांबावे. साधारण अंदाज म्हणून कुंडीतल्या मातीच्या आकारमानाच्या पाचव्या भागाइतके पाणी लागते. दहा इंची कुंडीला ते दीड ते दोन लिटर भरेल. अर्ध्या तासाने ताटलीत साचलेले पाणी काढून टाकावे. ते तसेच राहू दिले तर माती ते पुन्हा खालून शोषून घेते आणि केलेला निचरा वाया जातो.

आता आपल्या पांढऱ्या कुंडीकडे. भेट म्हणून येणाऱ्या अशा कुंड्यांना पुष्कळदा तळाला छिद्रच नसते. झाड नर्सरीच्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतच असेल आणि पांढरी कुंडी केवळ बाहेरून बसवलेली असेल, तर आतली कुंडी आजच उचलून पाहावी; तळाशी दोन-तीन इंच पाणी साचलेले आढळण्याची शक्यता मोठी आहे. यापुढे आतली कुंडी मोरीत किंवा अंगणात नेऊन पाणी द्यावे, निथळू द्यावे आणि मगच परत ठेवावी. झाड थेट पांढऱ्या कुंडीत लावलेले असेल आणि तिला छिद्र नसेल, तर ते तिथून काढण्यावाचून दुसरा उपाय नाही.

झाड काढल्यावर मुळे नीट पाहावीत. निरोगी मुळे फिकट तपकिरी आणि टणक असतात. कुजलेली काळी, लिबलिबीत असतात आणि त्यांना कुबट वास येतो. कुजलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापून टाकावीत, उरलेल्या मुळांच्या गड्ड्यापेक्षा फार मोठी नाही अशी, म्हणजे गड्ड्यापेक्षा फार तर दोन इंच अधिक रुंद, छिद्रे असलेली कुंडी घ्यावी आणि ताजे, मोकळे मिश्रण भरून एकदा पाणी द्यावे. पुढचे पाणी मात्र तपासणीनंतरच. नवे पान फुटेपर्यंत खत देऊ नये. छाटताना निघणारा पांढरा चीक त्वचेला खाजवतो, डोळ्यांना अपाय करतो आणि पोटात गेल्यास त्रासदायक असतो. हात धुवावेत आणि लहान मुलांना व पाळीव जनावरांना दूर ठेवावे. डाग पडलेली पाने पूर्ववत होत नाहीत, त्यामुळे सुधारणा जुन्या पानांवर शोधू नये. शेंड्याला येणारे नवे पान स्वच्छ असेल तर झाड सावरले असे समजावे.

दिवाणखान्याचा कोपरा किती उजेडाचा आहे, हे आपण लिहिलेले नाही. पानाला उजेड मिळाला तरच झाड पाणी वापरते. अंधाऱ्या कोपऱ्यातल्या झाडाला खिडकीजवळच्या झाडाच्या निम्मेही पाणी लागत नाही. पूर्वेच्या खिडकीशेजारी त्याला हलवता आले तर पाण्याचे गणित बरेच सोपे होईल.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, दिवसभर कूलर चालू असतो. एकजण म्हणतो रोज पाणी द्या, दुसरा म्हणतो आठवड्यातून एकदा. नेमके काय करावे? शिवाय एका बाजूच्या पानांच्या कडा करपल्या आहेत. (एक वाचक, परभणी)

उत्तर : दोघांचेही सल्ले आपापल्या घरांपुरते बरोबर असतील, पण ते आपल्या घराला लागू पडतीलच असे नाही. मे महिन्यात परभणीत बाहेर ४२-४३ अंश तापमान असले, तरी झाड बाहेर नसते. कडक उन्हाळ्यात आपण दारे-खिडक्या लावून घेतो, वाळ्याचे किंवा जाड पडदे सोडतो आणि कूलर सुरू करतो. म्हणजे झाडाला मिळणारा उजेड कमी होतो आणि खोलीतली हवा दमट होते. या दोन्ही कारणांनी कुंडी अपेक्षेपेक्षा बरीच हळू सुकते. बाहेरच्या उन्हाकडे पाहून आत रोज पाणी दिले, तर ऐन मे महिन्यातही मूळकूज होते. याउलट ज्या घरात कूलर नाही, पंखा सतत चालतो आणि खिडक्या उघड्या असतात, तिथे तेच झाड तीन-चार दिवसांत कुंडी सुकवून टाकते. म्हणून उन्हाळ्यात पाणी वाढवण्याऐवजी तपासण्या वाढवाव्यात; एक दिवसाआड काडी घालून पाहणे पुरेसे आहे.

दुपारी पाने मलूल होऊन खाली झुकलेली दिसतात, तेव्हा घाईने तांब्या हातात घेऊ नये. कोरड्या, तापलेल्या हवेत पाने आपली सूक्ष्म छिद्रे मिटून घेतात आणि काही काळ पाणी ओढणेच कमी करतात. माती ओली असेल तर संध्याकाळपर्यंत वाट पाहावी. पाने पुन्हा ताठ झाली तर झाडाला पाणी नको होते.

एकाच बाजूच्या कडा करपल्या असतील तर ते वाऱ्याचे काम आहे. झाड खिडकीच्या फटीतून येणाऱ्या झळांच्या वाटेत आहे की कूलरच्या थेट झोतात, ते पाहावे आणि दोन्हींपासून बाजूला सरकवावे. आणखी एक गोष्ट आपल्या भागात फार महत्त्वाची आहे : गच्चीवरच्या टाकीतले दुपारचे पाणी अक्षरशः चटका बसेल इतके तापलेले असते. ते मुळांवर ओतू नये. पहाटे बादली भरून ठेवावी आणि सकाळीच पाणी द्यावे.

पावसाळ्यात हवा दमट आणि आभाळ झाकोळलेले असते, त्यामुळे दोन पाण्यांतले अंतर सहज दहा-बारा दिवसांवर जाते. डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावते. तेव्हा दोन इंचांऐवजी मातीचा निम्मा भाग सुकू द्यावा आणि पाणी गार असेल तर थोडे कोमट करून घ्यावे.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे, उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागतो. पिण्याच्या शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून मी ते झाडांना घालतो. फिडल लीफच्या कुंडीवर पांढरा थर जमला आहे आणि पानांची टोके जळाल्यासारखी झाली आहेत. (एक वाचक, जालना)

उत्तर : ज्या प्रदेशात २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे पाण्याचा थेंब वाचवण्याची आपली धडपड मला मनापासून योग्य वाटते. पण हे विशिष्ट पाणी कुंडीतल्या झाडासाठी योग्य नाही. यंत्र पिण्याच्या पाण्यातून जे क्षार बाजूला काढते, ते सगळे बाहेर पडणाऱ्या पाण्यात एकवटलेले असतात. आपल्या बोअरचे पाणी काळ्या बसाल्ट खडकातून येते आणि त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार मुळातच बरेच असतात; यंत्रातून गेल्यावर उरलेले पाणी त्याहून खारट होते. शेतात किंवा अंगणात पावसाने हे क्षार खाली धुऊन जातात, कुंडीत मात्र पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. पांढरा थर तोच आहे. मातीत क्षार वाढले की मुळांना ओल्या मातीतूनही पाणी ओढता येत नाही आणि पानांची टोके जळतात.

ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरावे. कूलरच्या टाकीच्या तळाशी उरलेले पाणीही याच कारणाने कुंडीत घालू नये. पाण्यातले विद्राव्य क्षार मोजणारे लहानसे मीटर बाजारात मिळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सवलत आहे. माझ्या मते फिडल लीफसाठी ५०० च्या आतले पाणी निर्धास्त वापरावे, आणि १००० च्या वरचे नेहमी वापरू नये. पाणी रात्रभर उघडे ठेवल्याने क्लोरीन बराच उडून जातो, पण क्षार तिळमात्र कमी होत नाहीत, हे लक्षात असू द्यावे.

सर्वांत उत्तम पाणी पावसाचे. पावसाळ्यात पत्र्याखाली किंवा गच्चीच्या पाइपाखाली पिंप लावून, पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून देऊन, पुढचे झाकून साठवावे. घरात एसी असेल तर त्यातून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, तेही चालते. भाज्या किंवा डाळ-तांदूळ धुतलेले पाणी अधूनमधून घालायला हरकत नाही, मात्र त्यात मीठ नसावे आणि ते रोज घालू नये, नाहीतर मातीवर चिलटे होतात. सध्याचा पांढरा थर खुरपीने वरच्या अर्धा इंच मातीसह काढून टाकावा आणि गोडे पाणी हाती येईल तेव्हा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून माती एकदा धुऊन काढावी. हे काम पहिल्या चांगल्या पावसात कुंडी तासभर बाहेर ठेवून फुकटात होते.

प्रश्न : शेतातली काळी कसदार माती आणून त्यात झाड लावले. पाणी घातले की लगेच खालून निघून जाते, तरी झाड सुकते. माती कसदार असून असे का? (एक वाचिका, बीड)

उत्तर : काळी माती कापसाला आणि ज्वारीला जीव लावते, कारण शेतात ती खोल असते आणि मुळांना पसरायला जागा असते. कुंडीत तिचेच गुण आड येतात. तिच्यातली चिकणमाती भिजली की फुगते आणि सुकली की आकसते. सुकल्यावर ती कुंडीच्या भिंतीपासून सुटते, मध्ये भेगा पडतात आणि वरून घातलेले पाणी त्या फटींतून सरळ खाली निघून जाते. मुळांचा गड्डा आत कोरडा ठणठणीत राहतो. पुन्हा भिजली तर तीच माती इतकी घट्ट बसते की तिच्यात हवा राहत नाही.

तातडीचा उपाय म्हणून कुंडी टबात ठेवून तिच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत पाणी भरावे आणि वरची माती ओलसर दिसेपर्यंत, साधारण अर्धा-पाऊण तास, तशीच ठेवावी. नंतर बाहेर काढून पूर्ण निथळू द्यावी. पूर्ण सुकलेल्या कोकोपीटलाही (नारळाच्या काथ्याच्या भुशालाही) हाच उपाय लागू पडतो, कारण तेही एकदा ठणठणीत सुकले की वरून घातलेले पाणी धरत नाही.

कायमचा उपाय मिश्रण बदलण्याचा आहे, आणि त्याला जून-जुलै हा काळ चांगला. दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग लाल माती आणि एक भाग जाड वाळू, परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे) किंवा चाळून घेतलेला वाटाण्याएवढा मुरूम, असे मिश्रण आपल्याकडे सहज तयार होते. बारीक वाळू वापरू नये, ती पोकळ्या बुजवते. कोकोपीट दोन-तीनदा पाण्यात धुऊन घ्यावे, कारण त्यात पुष्कळदा क्षार असतात. तळाशी खडीचा जाड थर देण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण तिने निचरा सुधारत नाही : बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडून राहते आणि ओला भाग उलट मुळांच्या जवळ येतो. छिद्रावर जाळीचा तुकडा किंवा एखादी खापरी ठेवणे पुरेसे आहे.

प्रश्न : नव्या कोवळ्या पानांवर बारीक लालसर ठिपके येतात. हा रोग आहे का? आणि पानांवर रोज पाण्याचा फवारा मारावा का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : तो रोग नाही. माती फार कोरडी पडून एकदम भरपूर पाणी मिळाले, की कोवळ्या पानातल्या पेशी पाण्याने फुगून फुटतात आणि असे ठिपके दिसतात. पान मोठे होताना ते बहुधा फिके पडतात. पाणी देण्यातली अनियमितता कमी केली की पुढची पाने स्वच्छ येतील. फवाऱ्याने हवेतला ओलावा काही मिनिटेच वाढतो आणि जड पाणी असेल तर पानांवर पांढरे डाग राहतात, तेव्हा तो टाळलेला बरा. त्याऐवजी आठवड्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने, खालून हाताचा आधार देऊन पाने पुसावीत. आपल्या भागातली धूळ पाहता याचा उपयोग फार मोठा आहे. दूध किंवा खोबरेल तेल पानांना लावू नये.

प्रश्न : दिवाळीत बारा दिवस गावी जाणार आहोत. शेजाऱ्यांना रोज पाणी घालायला सांगावे का? झाडाशेजारी रबर प्लांटही आहे. (एक वाचिका, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : रोज पाणी घालायला मुळीच सांगू नये. निघण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही झाडांना तळातून वाहेपर्यंत पाणी द्यावे, ताटल्या रिकाम्या कराव्यात आणि झाडे खिडकीपासून तीन-चार फूट आत, पण उजेड राहील अशी ठेवावीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या हवेत दहा इंची किंवा त्याहून मोठी कुंडी एवढे दिवस निभावते. कुंडी लहान असेल तरच शेजाऱ्यांकडे किल्ली द्यावी आणि सातव्या-आठव्या दिवशी एकदाच, माती पाहून, किती पाणी घालायचे ते मापाच्या भांड्यासह सांगून ठेवावे. रबर प्लांटची पाने जाड असतात आणि ते निम्मी माती सुकली तरी कुरकुरत नाही, त्यामुळे त्याची वेगळी सोय करावी लागणार नाही. परत आल्यावर झाडे हळूहळू, दोन-तीन दिवसांत, मूळ जागी आणावीत आणि पाणी देण्याआधी काडी घालून पाहावी.